मार्क गावाला, पाणी कुणाला?

परीक्षा काय ती मुलांची, असं आपल्याला वाटतं. दहावी-बारावीचा निकाल लागला की पेढे वाटायचे, नाहीतर महिनाभर शेजारणीची नजर चुकवायची. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या नगरपालिकेलाही परीक्षा लागली आहे आणि आपल्या कॉलेजलाही. गाव किती स्वच्छ, त्याला मार्क. पाणीपुरवठा कसा, त्याला मार्क. कॉलेजची ग्रेड कोणती, विद्यापीठाचा नंबर कितवा... चौकात फ्लेक्स लागतात. ‘आपल्या शहराचा देशात अमुक क्रमांक’, ‘आपल्या महाविद्यालयास ए प्लस मानांकन’. भाजीची पिशवी सावरत आपण त्या फ्लेक्सखालून जातो. जरा बरंही वाटतं. आणि घरी येऊन बघावं तर नळ कोरडा!

मग प्रश्न पडतो, हे मार्क नेमके कशाचे? कोण देतं? आणि पेपर कुणी काढला?

‘हे आपल्याला काय करायचंय, ते साहेब लोकांचं काम’, असं म्हणून आपण पान उलटतो. मैत्रिणींनो, तसं करू नका. कारण या मार्कांवर आता पैसा चालतो. कुठल्या नगरपालिकेला जादा अनुदान, कुठल्या कॉलेजला स्वायत्तता आणि निधी, हे बऱ्याच अंशी अशा तपासण्यांवर ठरतं. आणि ज्याला मार्क असतात त्याचाच अभ्यास होतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? चित्रकलेला मार्क नाहीत म्हटल्यावर चित्रकलेची वही कोपऱ्यात जाते, तसंच हे.

आधी चांगलं ते सांगते

मोजणं वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. महिन्याचा हिशेब लिहिणारी बाई मोजमापाला नावं कशी ठेवील?

स्वच्छ सर्वेक्षणाचंच घ्या. 2016 साली ते पहिल्यांदा झालं तेव्हा देशातली फक्त 73 शहरं त्यात होती. पुढे ती संख्या चार हजारांवर गेली आणि आपल्यासारखी छोटी गावंही परीक्षेला बसली. त्यात आपल्या महाराष्ट्राने नाव काढलं. एक लाखाच्या आतल्या वस्तीच्या शहरांमध्ये 2021 साली विटा, लोणावळा आणि सासवड हे पहिले तिघे. 2022 ला पाचगणी पहिली. 2023 ला सासवड पहिलं. ही काही मुंबई-पुण्यासारखी श्रीमंत शहरं नाहीत. तिथल्या बायकांनी ओला-सुका कचरा वेगळा केला, घंटागाडी वेळेवर आली, उकिरडे हटले. मार्कांची चुरस नसती तर हे इतक्या लवकर झालं असतं का? मला नाही वाटत.

तसंच ‘नॅक’चं. 1994 साली स्थापन झालेली ही संस्था कॉलेजांची आणि विद्यापीठांची तपासणी करते. ती येऊ लागल्यापासून कित्येक कॉलेजांत पहिल्यांदा मुलींसाठी कॉमन रूम झाली, ग्रंथालयात नवी पुस्तकं आली, तक्रारपेटी लागली. तपासायला कुणी येणार असलं की घर आवरलं जातंच. पाहुणे येणार म्हटल्यावर आपणही माळा झाडतोच की!

पण पाहुणे गेल्यावर काय? आणि पाहुणे फक्त दिवाणखाना बघून गेले तर?

सरासरी नावाची गंमत

पाण्याचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या रोजच्या जिवाचं आहे. 2008 साली केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरांच्या सेवांसाठी मोजपट्टी ठरवून दिली. पाणी, मलनिस्सारण, कचरा आणि पावसाळी गटारं, अशा चार सेवांचे मिळून 28 निर्देशक. पाण्याचे त्यात नऊ. घरोघर नळ असावा, माणशी दररोज 135 लिटर पाणी मिळावं, चोवीस तास मिळावं, तपासलेले सगळे नमुने शुद्ध निघावेत, गळती आणि हिशेबाबाहेरचं पाणी 20 टक्क्यांच्या वर नसावं, 80 टक्के तक्रारी एका दिवसात सुटाव्यात, वगैरे. 2010 मध्ये तेराव्या वित्त आयोगाने अटच घातली की, राज्यांनी ही उद्दिष्टं शहरवार राजपत्रात छापावीत, तरच कामगिरीचं अनुदान. म्हणजे आपल्या गावाने काय कबूल केलं आहे, ते कागदावर आहे. आपल्याला कुणी सांगितलं नाही इतकंच.

आता 135 लिटर म्हणजे किती? पाच माणसांच्या घराला 675 लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर रोज 45 हंडे! ऐकूनच हसू येतं ना? पण कागदावर कित्येक गावं या आकड्याच्या जवळपास असतात. कसं? गावाला दिलेलं एकूण पाणी भागिले लोकसंख्या. झाली सरासरी. टाकीजवळच्या गल्लीत गच्चीवरून पाणी वाहून जातं, शेवटच्या गल्लीत नळाला नुसती हवा येते, आणि दोघींची सरासरी मात्र झकास.

तासांचंही तसंच. एका भागाला दोन तास पाणी, दुसऱ्याला अर्धा तास. सरासरी सव्वा तास. ज्या बाईला अर्धाच तास मिळतं, तिने तो पाऊण तास कुठून आणायचा?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. या नऊ निर्देशकांत किती तास पाणी येतं ते विचारलंय. केव्हा येतं ते विचारलेलं नाही. दुपारी दोनला येणारा तास आणि रात्री दोनला येणारा तास, कागदावर दोन्ही सारखेच. पण घरात सारखे असतात का? रात्री दोनला उठणारी बाई सकाळी सहाला डबे करायला पुन्हा उभी असते. तिची झोप कुठल्या रकान्यात लिहायची? असा रकानाच नाही.

तक्रारींचं तर विचारूच नका. पाणी आलं नाही की आपण काय करतो? पाणी सोडणाऱ्या वॉलमनला रस्त्यात गाठतो, ‘दादा, आमच्याकडे आज आलंच नाही हो.’ तो म्हणतो, ‘बघतो ताई.’ संपलं. ही तक्रार कुठेच नोंदली गेली नाही. वर्षअखेर अहवालात येतं, तक्रारी अमुक, त्यातल्या बहुतेक निकाली. आपलं तोंडी बोलणं त्यात नसतंच. कागदावर न लिहिलेली तक्रार म्हणजे झालीच नाही, असा हा कारभार आहे.

पहिल्या नंबरच्या शहरात

इंदूरचं नाव आपल्याला परकं नाही. होळकरांची, अहिल्याबाईंच्या घराण्याची ती नगरी. आजही तिथे कितीतरी मराठी घरं आहेत. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर इंदूरचा. 2023 ला सुरत त्याच्या बरोबरीने आलं, तरी इंदूर काही खाली घसरलं नाही. कचऱ्याच्या बाबतीत त्या शहराने केलेलं काम खरंच मोठं आहे. 2021 साली तर सांडपाण्यावर प्रक्रिया केल्याबद्दल ‘वॉटर प्लस’ हा दर्जा देशात पहिल्यांदा इंदूरलाच मिळाला.

आणि 2025 च्या डिसेंबरअखेर त्याच इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्याच्या नळात मैलापाणी मिसळलं. शेकडो लोक आजारी पडले, अनेकांचा जीव गेला. पाण्याला वास येतोय, रंग बदललाय, असं तिथले लोक आधीपासून सांगत होते.

मला यात इंदूरला हिणवायचं नाही. असं कुठेही होऊ शकतं, आपल्याकडेही. पण विचार करा, बक्षीस खोटं होतं का? नव्हतं. रस्ते खरंच स्वच्छ होते, कचरा खरंच वेगळा होत होता, नदी-नाल्यांत जाणाऱ्या सांडपाण्याचं काम खरंच झालं होतं. पण ‘वॉटर प्लस’मध्ये तपासलं जातं ते शहरातून बाहेर जाणारं पाणी. घरात येणाऱ्या पाण्याचा तो दाखला नव्हे. लोकांना मात्र वाटतं, एवढा पहिला नंबर म्हणजे सगळंच पहिल्या नंबरचं असणार. एका विषयात शंभर मार्क पडलेल्या मुलाला आपण सगळ्या विषयांत हुशार समजतो ना, तसंच.

आणि पाण्याला वास येतोय हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? जी माठ भरते तिला. प्रयोगशाळेच्या रिपोर्टच्या आधी तिच्या नाकाला कळतं. तिच्या नाकाला मात्र मार्क नाहीत.

कॉलेजची ग्रेड आणि मुलीची एसटी

आता कॉलेजकडे वळू, कारण तिथेही हीच गोष्ट वेगळ्या कपड्यात भेटते.

‘नॅक’ सात निकषांवर कॉलेजला तपासतं. अभ्यासक्रम, शिकवणं आणि मूल्यमापन, संशोधन आणि विस्तारकार्य, इमारत-ग्रंथालयासारख्या सोयी, विद्यार्थ्यांना मिळणारा आधार, कारभार, आणि मूल्यं व चांगले उपक्रम. कॉलेज स्वतःचा जाडजूड अहवाल पाठवतं, समिती भेट देऊन जाते, चारपैकी गुण पडतात. साडेतीनच्या वर गेलं की ए प्लस प्लस. केंद्र सरकारची ‘एनआयआरएफ’ नावाची दुसरी क्रमवारी 2016 पासून जाहीर होते. तिच्या कॉलेजांच्या यादीत 2017 ते 2023 अशी सलग सात वर्षं दिल्लीचं मिरांडा हाऊस पहिलं होतं. मुलींचं कॉलेज बरं का! वाचून छाती फुगते.

पण आमच्याकडच्या मुलींचं काय? मी काही वर्षं गावोगावच्या मुलींच्या शिक्षणाचं काम करते. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला येणारी मुलगी आठ-दहा किलोमीटरवरून येते. पहिलं लेक्चर साडेसातचं, एसटी येते सव्वाआठला. पहिलं लेक्चर रोज बुडतं. परतीची गाडी दीडची, ती चुकली तर पुढची साडेपाचला. मग प्रॅक्टिकल नको, ग्रंथालय नको, खेळ तर नकोच. घरचे म्हणतात, अंधार पडायच्या आत ये. दोन वर्षं कशीबशी ओढते आणि तिसऱ्या वर्षाला स्थळ येतं.

ही मुलगी कुठल्या आकड्यात आहे? प्रवेश घेतला तेव्हा ती मोजली गेली. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात 2021-22 साली देशात 4 कोटी 33 लाख विद्यार्थी होते, त्यात 2 कोटी 7 लाख मुली. जवळजवळ निम्म्या! आनंदाची गोष्ट आहे, नाही कोण म्हणतंय. पण ‘नॅक’च्या अहवालात निकालाची टक्केवारी काढतात ती शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांची. जी शेवटच्या वर्षापर्यंत पोचलीच नाही, ती त्या टक्केवारीत येणार कशी? उलट रडत-खडत जाणाऱ्या मुली मधेच गळाल्या तर निकाल चांगलाच दिसेल!

हे मोजता येत नाही असं नाही. पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी किती जणी वेळेत पदवीधर झाल्या, हा हिशेब पाचवीतली मुलगीही करील. ‘एनआयआरएफ’मध्ये मुलं ठराविक मुदतीत पदवीधर झाली का, हे विचारतातही. पण आपल्या तालुक्याचं कॉलेज त्या शर्यतीत पहिल्या शंभरात येणार नसतं, त्यामुळे तो आकडा गावात कुणी वाचत नाही.

तपासणी जवळ आली की काय होतं, हेही आपण बघतो. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापिका, एका कॉलेजात मराठी शिकवतात. त्या म्हणाल्या, ‘अहो ताई, सहा महिने मी वर्गात कमी आणि फायलींत जास्त आहे. वृक्षारोपण केलं, फोटो काढ. व्याख्यान झालं, फोटो काढ. तारीख-वार, सह्या, अहवाल. शिकवते कधी असं विचारू नका.’ ज्या शिकवण्याला गुण मिळवायचे, तेच शिकवणं गुणांच्या फायलीखाली दबून गेलं!

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाला दर्जा देण्याची पद्धत 1986 पासून आली. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 सालीच पैशाच्या धोरणाबद्दल लिहिताना असा मुद्दा मांडला होता की, एखाद्या आकड्यावर लगाम धरायला गेलं की तो आकडा भरवशाचा राहत नाही. पुढे 1997 साली मेरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी विद्यापीठांच्या तपासण्यांबद्दल लिहिताना तो विचार सोप्या शब्दांत मांडला. मोजमाप हेच उद्दिष्ट बनलं की ते चांगलं मोजमाप उरत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या भाषेत सांगायचं तर, ताप उतरावा म्हणून औषध द्यायचं सोडून थर्मामीटरच गार पाण्यात बुडवायचा!

आणि मार्कांना एवढी किंमत आली की ते विकत घ्यायचा मोहही आलाच. 2025 च्या फेब्रुवारीत सीबीआयने ‘नॅक’च्या एका तपासणी समितीचे अध्यक्ष, सदस्य आणि त्या शिक्षणसंस्थेशी संबंधित काही जणांना चांगल्या ग्रेडसाठी लाच घेतल्या-दिल्याच्या आरोपावरून अटक केली. खटल्याचा निकाल कोर्ट देईल. पण फ्लेक्सवरच्या ग्रेडकडे बघताना पालकांच्या मनात शंका आली, ती कोण काढणार?

आराखड्यात आपण आहोत का?

मोजण्याच्या आधी येतं ते ठरवणं. पुढच्या पाच वर्षांत, वीस वर्षांत काय करायचं, त्याचा आराखडा. 2005 साली केंद्राने शहरांसाठी जवाहरलाल नेहरू अभियान आणलं तेव्हा निधीसाठी शहर विकास आराखडा सक्तीचा केला. मग सल्लागार कंपन्या आल्या, सुंदर छापलेली पुस्तकं झाली. ‘व्हिजन’ हा शब्द तेव्हापासून नगरपालिकेच्या सभागृहात रुळला. विद्यापीठांचंही तसंच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाने पाच वर्षांचा बृहत आराखडा करायचा असतो. कुठल्या तालुक्यात नवं कॉलेज, कुठला नवा अभ्यासक्रम, हे त्यात ठरतं. म्हणजे तुमच्या मुलीला विज्ञान शाखेसाठी जिल्ह्याला जावं लागणार की गावातच सोय होणार, हे त्या पुस्तकात आधीच लिहिलेलं असतं.

या आराखड्यांत रस्त्याची रुंदी असते, टाकीची क्षमता असते. बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेल्या बाईला जायला स्वच्छतागृह कुठे, हे किती आराखड्यांत सापडतं? मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी 2011 पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली. त्यांनी काय केलं? आधी मोजलं. सार्वजनिक स्वच्छतागृहं फिरून पाहिली आणि दाखवून दिलं की, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे घेतले जातात. लाजेचा म्हणून दडवलेला विषय त्यांनी आकड्यांत मांडला, तेव्हा पालिकेला दखल घ्यावी लागली.

मला वाटतं, धडा इथेच आहे. त्यांच्या मोजपट्टीला नुसती नावं ठेवून भागणार नाही. आपली मोजपट्टी घेऊन त्यांच्यासमोर बसायला हवं.

एक वही आणि एक पेन

आमच्या बचत गटातल्या बायकांनी दोन वर्षांपूर्वी असंच केलं. एका गल्लीतल्या चार घरांत चार वह्या ठेवल्या. पाणी कधी सुटलं, कधी गेलं, किती हंडे भरले, रंग-वास कसा, एवढंच लिहायचं. एक महिना. दिवसाआड पाणी, म्हणजे पंधरा वेळा सुटायला हवं. सुटलं बारा वेळा, आणि त्यातलं सात वेळा रात्री अकरानंतर. आम्ही वह्या घेऊन पालिकेत गेलो. तिथले अभियंता म्हणाले, ‘ताई, आमची सरासरी बरोबर आहे.’ मी म्हटलं, ‘साहेब, सरासरी तुमची असेल, हंडा आमचा आहे. ही तारीख आणि ही वेळ. तुमच्या लॉगबुकात काय आहे ते दाखवा.’ ते जरा गप्प झाले. लॉगबुकात वेळा लिहिलेल्याच नव्हत्या. भांडण झालं नाही, मोर्चा निघाला नाही. पण पुढच्या महिन्यापासून त्या गल्लीला संध्याकाळी सातची पाळी मिळाली. दाब अजून कमीच आहे, उन्हाळ्यात पुन्हा रडगाणं असतंच. तरी झोप मिळाली, हे काही थोडं नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, तोंडी तक्रार ही वाफ आहे, लिहिलेली तक्रार हे पाणी. ती साठते.

कायद्याने आपल्या हातात बरंच दिलं आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 साली झाला. जन्माचा दाखला, नळजोडणी अशा अधिसूचित सेवा किती दिवसांत मिळायला हव्यात, कुणाकडे अपील करायचं, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. उशीर केला, विनाकारण नाकारलं, तर संबंधित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. पुढच्या वेळी दाखला आणायला जाल तेव्हा तो फलक शोधा. नसेल तर ‘फलक कुठे आहे?’ एवढंच मोठ्याने विचारा. माहितीचा अधिकार 2005 चा. त्याच्या कलम 4 प्रमाणे बरीच माहिती कुणी न मागताही जाहीर करायची असते. पाण्याच्या नमुन्यांचे तपासणी अहवाल मागा. वॉर्डवार मागा, गावाची सरासरी नको.

कॉलेजच्या बाबतीतही दारं बंद नाहीत. प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्यात शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य घेतात. कॉलेजच्या विकासाचा आराखडा हीच समिती करते. त्या चारांत बाई आहे का? नसेल तर का नाही? ‘नॅक’साठी कॉलेजने दिलेला अहवाल कॉलेजच्या वेबसाइटवर ठेवायचा असतो. घरातल्या मुलीला सांगा, मोबाइलवर उघड आणि मला वाचून दाखव. समिती भेटीला येते तेव्हा पालकांशी, माजी विद्यार्थ्यांशी बोलते. त्या बैठकीला कॉलेजने निवडून आणलेलेच पालक बसतात. आपण आपणहून विचारायचं, ‘सर, आम्हाला यायचंय.’ आणि एकच आकडा विचारायचा: तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती मुली होत्या, आज तिसऱ्या वर्षाला किती आहेत, आणि उरलेल्या कुठे गेल्या?

2025 च्या डिसेंबरात आपल्या राज्यातल्या नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कितीतरी वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार होता. आता सभागृहात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. या नव्या नगरसेविकांपैकी कित्येक जणी आपल्याच ओळखीच्या, आपल्याच हळदी-कुंकवाला येणाऱ्या. त्यांना सत्काराची शाल द्या, पण शालीबरोबर एक कागदही द्या. त्यावर चारच प्रश्न लिहा. आमच्या वॉर्डात पाणी किती वाजता येणार? शेवटच्या घरात किती दाबाने येणार? बाजारात बायकांचं स्वच्छतागृह किती वाजेपर्यंत उघडं राहणार? आणि घंटागाडीवर काम करणाऱ्या बाईला हातमोजे, साबण आणि वेळेवर पगार मिळतो का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. गावाला मिळालेल्या स्वच्छतेच्या मार्कांत सगळ्यात मोठा वाटा तिचा आहे आणि फ्लेक्सवर तिचा फोटो नाही.

या चार प्रश्नांची उत्तरं दर तीन महिन्यांनी त्या नगरसेविकेला विचारा. तिलाही बरं वाटेल. सभागृहात उठून बोलायला तिच्या हातात काहीतरी ठोस असेल. ‘आमच्या भागात पाण्याची समस्या आहे’ म्हणणारीला खाली बसवता येतं. ‘गेल्या महिन्यात बारापैकी सात वेळा पाणी रात्री अकरानंतर आलं, या त्या तारखा’, असं म्हणणारीला खाली बसवणं कठीण असतं.

आकडे साहेबांचेच असतात असं कुणी सांगितलं? किलोभर साखर किती दिवस पुरते, गॅस कधी संपणार, कुणाचं किती देणं आहे, हे सगळं डोक्यात ठेवून आपण घरं चालवतो. तीच बुद्धी उंबऱ्याबाहेर न्यायची आहे. गावाला मार्क मिळोत, कॉलेजला ग्रेड मिळो, आपण पेढेही वाटू. फक्त पेपर काढताना त्यात एक-दोन प्रश्न आपलेही असायला हवेत. आणि ते कुणी आपणहून घालणार नाही. आजच किराणा दुकानातून दहा रुपयांची वही आणा, पहिल्या पानावर तारीख घाला, आणि नळाला पाणी आलं की वेळ लिहा.